शेवटच्या पळीचं नाव

सुखीबाई आपल्या जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, उभ्या जन्मात समोरासमोर एक शब्द बोलली नाही. बेलदरी तांड्यात रीतच तशी होती. जेठ दिसला की सुनेनं घुंगट ओढायचा आणि आवाज गिळायचा. काही सांगायचंच झालं तर जावेला सांगायचं, पोराला सांगायचं, कोणीच नसलं तर गाईला सांगायचं. जेठानं ऐकून घ्यायचं आणि उत्तरही गाईलाच द्यायचं. त्रेपन्न साली जाऊ मानीबाई वारली आणि त्या घरात दोनच माणसं उरली, एक रूपसिंग आणि दुसरी त्याच्या धाकट्या भावाची ही विधवा. पोरबाळ कोणालाच नाही. तेव्हापासून त्यांची गाय अख्ख्या पुसद तालुक्यात शहाणी झाली असणार, इतकं त्या बिचारीच्या कानावर पडलं. घरातलं बोलणं सगळं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत. इथं ते वऱ्हाडीत घेतलं आहे, गोष्ट सगळ्यांना कळली पाहिजे म्हणून.

बेलदरी पैनगंगेच्या अगदी काठावर. रूपसिंगचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडलेले, त्यामुळं नदीचा उतार, म्हणजे बैल-माणसं पायी पार होतील अशी उथळ वाट, या घराला तोंडपाठ. पण उतार काही एका जागी बसून राहत नाही. दर पावसाळ्यात नदी वाळू इकडची तिकडं करते आणि गेल्या सालची वाट यंदा डोह होऊन बसते. पाणी जरा ओसरलं की रूपसिंग लांब काठी घेऊन छातीभर पाण्यात शिरायचा, चाचपत चाचपत नवी वाट काढायचा, आणि मग पलीकडून कोणी "होऽऽ" करून हाक दिली की जाऊन त्याला घेऊन यायचा. त्याची तेवढी ओळख दोन्ही काठांवर होती.

दोन्ही काठांवर म्हणायचं, पण तेव्हा ती दोन राज्यं होती. इकडं इंग्रजांचं, पलीकडं निजामाचं. इंग्रज गेले तरी निजाम तसाच राहिला, आणि नदी म्हणजे दोन देशांमधली हद्द झाली. पलीकडच्या नाक्यावर बंदुकीवाले आले. त्यांना रझाकार म्हणायचे, आणि ते नाव ऐकलं की इकडच्या बायका चुली विझवायच्या.

अठ्ठेचाळीसच्या चैतात सुखीबाईचा नवरा देवसिंग दोन बैल विकायला पलीकडच्या बाजाराला गेला. सगळे नको म्हणत होते. गेला तो गेलाच. रझाकारांनी बाजारातून सात माणसं उचलली आणि कडब्याच्या गंजीत घालून पेटवून दिली. हाडंसुद्धा मिळाली नाहीत. तिसऱ्या दिवशी दोनांतला एक बैल एकटाच उतार शोधून घरी आला, पाठीची कातडी भाजलेली, पाणी पण पिईना. सुखीबाईचं वय तेव्हा बावीस. तिनं हातातल्या पांढऱ्या बलिया, म्हणजे सवाष्णीच्या बांगड्या, उतरवल्या आणि त्या बैलाच्या पाठीला आठ दिवस तेल लावलं. रडायलाही तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

आता इमाम पिंजाऱ्याचं सांगायला पाहिजे. तो पलीकडच्या गावचा. दर साली थंडीच्या तोंडावर पिंजण खांद्यावर टाकून बायकोपोरांसकट बेलदरीत यायचा, चिंचेखाली आठ-दहा दिवस मुक्काम ठोकायचा आणि तांड्यातल्या सगळ्या रजयांचा कापूस पिंजून द्यायचा. बोलका माणूस, बायकांच्या थट्टेला उलट थट्टा करणारा. शेहेचाळीसच्या थंडीत त्याची बायको हलिमा तापानं आडवी झाली, दूध आटलं, आणि दोन महिन्यांची पोर भुकेनं किंचाळायला लागली. सुखीबाईचं पहिलंवहिलं लेकरू पंधरा दिवसांपूर्वीच गेलं होतं, आणि अंगावरचं दूध काही केल्या थांबत नव्हतं. जावेनं डोळे वटारले तरी तिनं जाऊन ती पोर उचलली. आठ दिवस पाजली.

हलिमानं तापातच तिला सांगितलं होतं की हिचं नाव जैतून, कानात नाव घेतल्याशिवाय ही तोंड लावत नाही. मग सुखीबाई दिवसातून सात-आठ वेळा त्या एवढ्याशा कानात ते नाव घ्यायची. तांड्यात दुसऱ्या कोणाला ते ठाऊक नव्हतं. पिंजाऱ्याच्या तान्ह्या पोरीचं नाव कोण कशाला विचारत बसतं? सगळे तिला इमामची लहानी म्हणत. मोठा पोरगा दस्तगीर, तो मात्र सगळ्यांना माहीत, कारण तो तांडाभर बोरं चोरायचा.

अठ्ठेचाळीसच्याच भादव्यात भारताची फौज पलीकडं शिरली. निजामाचं राज्य चार-पाच दिवसांत आडवं झालं. इकडं लोकांनी गूळ वाटला, आणि वाटायलाच पाहिजे होता. पण मग पलीकडच्या गावांत वारं उलटं फिरलं. ज्यांनी माणसं जाळली होती ते केव्हाच निसटले होते. मागं सापडले ते त्यांच्याच धर्माचे विणकर, पिंजारी, बांगड्या विकणारे. लोकांना कोणीतरी पाहिजे होतं, आणि ही माणसं जागेवर होती.

एक दिवस कासराभर उन्ह उरलेलं असताना पलीकडून हाक आली. "होऽऽ! रूपसिंगभाऊ, उतार दाखव! लेकरं हायेत संगं!"

आवाज इमामचा होता. रूपसिंगनं ओळखला, गोठ्यात वैरण टाकणाऱ्या सुखीबाईनंही ओळखला. रूपसिंग उठला. कोपऱ्यातली काठी त्याच्या हातात आली होती, एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता. तेव्हा सुखीबाई गाईला म्हणाली, "काय वं गाये, त्याच काठावर एकाले जित्ता जाळला. त्याले कोनं उतार दाखवला?"

नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं, म्हणून ती 'एकाले' म्हणाली. रूपसिंग उंबऱ्यावर थांबला. मग काठी भिंतीला लावून तो खाली बसला.

पाण्यात उतरायचीही गरज नव्हती. जुना उतार गेला, वरच्या बाभळीकडून ये, एवढं एक वाक्य काठावरून ओरडलं असतं तरी भागलं असतं. त्या साली जुन्या उताराच्या जागी दोन पुरुष खोल डोह झाला होता, आणि ते या घराशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. इमामला ठाऊक होता तो गेल्या सालचा उतार. हाक चार वेळा आली. चौथ्या वेळी त्यानं नुसतं "भाऊ" म्हटलं. मग हाक थांबली. सुखीबाई वैरण टाकतच राहिली. गव्हाण भरून वाहायला लागली तरी टाकत राहिली.

तिसऱ्या दिवशी खालच्या वळणावर इमाम, हलिमा आणि दस्तगीर सापडले. रूपसिंगनं कोणाला न बोलावता तिघांना काठावर पुरलं. लहानी सापडली नाही. घरात या गोष्टीवर पुढं आठ वर्षं कोणी तोंड उघडलं नाही. गाईपाशीसुद्धा नाही.

मग छप्पन साल आलं. दिवाळीच्या तोंडावर राज्यांची नवी मांडणी झाली, निजामाचं जुनं राज्य पुसून गेलं, आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवर एकच सरकार आलं. नाका उठला, आडवा बांबू कोणीतरी गोठ्याला नेला. सगळ्यांनी ते ऐकलं आणि कामाला लागले. रूपसिंग मात्र त्या दिवशी काठावर बसून राहिला.

दिवाळीला तांड्यात धबुकार करतात. चुलीतले निखारे पुढं ओढायचे, घरच्या कर्त्या पुरुषानं मेलेल्या एकेकाचं नाव घ्यायचं, प्रत्येकाच्या नावानं लापशीची एक पळी आणि वर तूप त्या निखाऱ्यांवर सोडायचं, आणि भोवती पाणी फिरवायचं. नावानं सोडलेलं त्याला पोचतं. रूपसिंगचा बाप सांगायचा की नाव न घेता पळी सोडायची नाही. ती वाटेवरच्या कोणाच्याही तोंडी जाते आणि आपला माणूस उपाशी राहतो.

त्या दिवाळीला रूपसिंगनं आज्याचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, मानीबाईचं घेतलं, देवसिंगचं घेतलं. आणि थांबला नाही. "इमाम," तो म्हणाला आणि पळी सोडली. "हलिमा. दस्तगीर." मग आठवी पळी भरून तो तसाच बसला. थोड्या वेळानं त्यानं ती पळी पातेल्यात परत ओतली.

शेजारची हंसाबाई तिथंच होती. तांड्याच्या नायकाची, म्हणजे प्रमुखाची बायको, तोंडाची फटकळ, मनाची बरी. ती म्हणाली की अरे, पिंजाऱ्याचे लोक तुह्या चुलीवर कायले? रूपसिंग म्हणाला की इतके दिवस मलेही वाटत होतं, ते तिकडच्या राज्याचे, तिकडचे कोणी पाहतील. आता तिकडं असं काही राह्यलंच नाही. एवढं बोलून तो उठला. सुखीबाईचं अंग आगीसारखं तापलं होतं. जळून मेलेला तिचा नवरा, आणि त्याच्या ताटाला ताट लावून त्या मुलखाची माणसं! तिनं त्या दिवशी लापशीला हात लावला नाही. पुढं कोणत्याच दिवाळीला लावला नाही.

पण राग हा अर्धाच भाग होता, आणि हे तिचं तिला पक्कं माहीत होतं. आठव्या पळीचं नाव तिच्या तोंडात होतं. ते एकटं बाहेर आलं असतं तर तिनं कदाचित सांगून टाकलं असतं. पण ते एकटं येणार नव्हतं. त्याच्या मागोमाग गोठ्यातलं ते वाक्य आलं असतं, आणि ते ऐकायची तिची तयारी नव्हती.

दोन वर्षांनी शेजारच्या मोठ्या गावात रझाकारांनी मारलेल्यांच्या नावांचा दगड उभा राहिला. पंजाबराव गुरुजींनी वर्गणी काढून करवला, देवसिंगचं नाव त्यावर तिसरं. गुरुजी भला माणूस. समारंभाला त्यांनी रूपसिंगला पुढं बसवलं, हार घातला आणि दोन शब्द बोल म्हणाले. रूपसिंग उठून विचारता झाला, "गुरुजी, आमच्या देवसिंगले मारलं त्यायचा गोटा तुमी लावला, लई चांगलं केलं. आन ज्यायले आपन मारलं त्यायचा गोटा कोन्या गावात लावतेत?"

सभा गार झाली. मागून कोणी शिवी हासडली. गुरुजींनी त्याला बाजूला नेऊन समजावलं की रूपसिंग, हा दगड एका कारणाचा आहे, सगळ्या मेलेल्यांचा दगड कोणी करत नाही. मग हळूच विचारलं, नावं काय होती? रूपसिंगनं तीन सांगितली. चौथी एक लहान पोर होती, म्हणाला, तिचं नाव ठाऊक नाही. ही गोष्ट हंसाबाईनं येऊन सुखीबाईला सांगितली, आणि वर म्हणाली की तुह्या जेठाचं डोकं फिरून राह्यलं. सुखीबाईनं मान हलवली.

त्यानंतर रूपसिंगनं ते नाव शोधायचं मनावर घेतलं. पुसदच्या बाजारात पिंजाऱ्यांची दोन-चार घरं होती, तिथं जाऊन बसला. इमामच्या गावी गेला. घर पडून त्या जागी कोणाचा तरी कडबा रचलेला. तिथल्या एकानं सांगितलं की इमामची बहीण आदिलाबादेकडं दिलेली होती. रूपसिंग तिकडं पायी गेला, बारा दिवसांनी आला. बहीण सापडली होती. भाचीचं नाव काय म्हणून विचारलं, तेव्हा तिनं विचारलं की तुमाला कशाला पाहिजे? आणि या मूर्खानं खरं सांगितलं. म्हणाला, त्यायची हाक म्या आयकली होती. बाईनं दार लावून घेतलं. दिवसभर तो दारासमोर उन्हात बसला. दार उघडलं नाही.

हे सगळं त्यानं घरी येऊन गाईला सांगितलं. म्हातारी झालेली गाय रवंथ करत होती, पलीकडं सुखीबाई धान्य निवडत होती. शेवटी तो म्हणाला, "गाये, त्या पोरीचं नाव कोनाले मालूम असन त त्यानं सांगावं. म्या कोनावर ठपका ठेवत नाही. उठून बसनारा मीच होतो."

म्हणजे त्याला संशय होता. त्या आठ दिवसांचं त्यालाही आठवत असणार. सुखीबाईची बोटं धान्यात थांबली. घुंगटाआड तिचे ओठ हलले. पण ती उठली, सुपातलं धान्य पाखडायला बाहेर गेली आणि बराच वेळ पाखडत राहिली, त्यात खडा म्हणून उरला नव्हता तरी. स्वतःचा तिला इतका राग कधी आला नव्हता.

अशा सात दिवाळ्या गेल्या. दर साली आठवी पळी भरायची, निखाऱ्यांवर अडून राहायची आणि पातेल्यात परत जायची.

त्रेसष्टच्या पावसाळ्यात पलीकडच्या एका उरुसाला पिंजारी जमतात असं कोणी सांगितलं म्हणून रूपसिंग निघाला. साठीचं वय, नदी फुगलेली. उतार त्यानं काढला, पण चार तास पाण्यात होता. परत आला तो छाती घरघरत. पहिल्या दिवशी बोलत होता, दुसऱ्या दिवशी नुसता पाहत होता. सुखीबाई उंबऱ्याशी घुंगट ओढून बसलेली. गाय वैशाखातच मेली होती. आता कोणाला सांगायचं?

तिसऱ्या दिवशी दुपारी हंसाबाईला बसवून ती नदीवर पाण्याला गेली. घागर भरताना तिनं ठरवलं. घुंगट वर करून, त्याच्या तोंडाकडं पाहून सांगायचं. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. चढ चढताना ती ते घोकत होती. तिचं नाव जैतून, म्या तिले पाजलं होतं, आन तुमाले म्याच बसवलं. तिचं नाव जैतून. घागर हिंदकळून पाठ भिजली तरी ती थांबली नाही. घराशी आली तर हंसाबाई दारात उभी होती आणि तिनं रूपसिंगच्या तोंडावर पांघरूण ओढलेलं होतं. सुखीबाईनं घागर नीट खाली ठेवली आणि त्या घागरीशेजारीच बसून राहिली.

दिवाळी आली. घरात पुरुष नाही. हंसाबाई म्हणाली की तू लापशी शिजव, आमचा सेवादास येऊन नावं घेईल. तुह्या तोंडी ना नवऱ्याचं नाव चालत, ना जेठाचं. सेवादास तिचा मोठा मुलगा, चांगला बाप्या माणूस झालेला. तो आला, हातपाय धुऊन चुलीसमोर बसायला लागला. सुखीबाईनं त्याला हातानंच बाजूला केलं आणि स्वतः बसली. निखारे पुढं ओढले. मग घुंगट मागं सारला. चाळिशीच्या आतच केस पिकलेले, असं तिचं उघडं तोंड सेवादास पहिल्यांदा पाहत होता.

तिनं पहिली पळी भरली. "जैतून," ती म्हणाली. हळू म्हणाली, कानाशी म्हणावं तसं. लापशी निखाऱ्यांवर पडून चरचरली.

सेवादास म्हणाला की काकी, आधी आज्या-पणज्यांची नावं असतात, धाकट्यांची शेवटी.

"लेकरायले पहिले वाढतेत," सुखीबाई म्हणाली.

मग दस्तगीर. मग हलिमा. मग इमाम. मानीबाईची पळी झाली, सासऱ्याची झाली, त्याच्या बापाची झाली. "रूपसिंग," ती म्हणाली. पुढची पळी हातात धरून ती थांबली, कारण पुढचं नाव तिच्या जिभेवर जन्मात आलं नव्हतं. "देवसिंग." आणि तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

हंसाबाईनं विचारलं की ही जैतून कोण?

"इमामची लहानी. मले पहिल्यापासून मालूम होतं." सुखीबाई तिच्याकडं तोंड करून बोलत होती, भिंतीकडं नाही. "हाक आली तवा माहा जेठ उठला होता. काठी त्याच्या हातात होती. म्या बसवलं त्याले."

हंसाबाईनं लापशीची ताटली खाली ठेवली. सेवादासला उठायची खूण केली आणि दोघं निघून गेली. सुखीबाईनं निखाऱ्यांभोवती पाणी फिरवलं. पातेलं जवळ ओढून तिनं पाहिलं. इतक्या सालांत पहिल्यांदाच त्यात एकही पळी परत गेली नव्हती.